चाल : उसनी

माझ्या आजोबांची भजनाची वही माझ्याकडे आहे. पिवळ्या, कडा झिजलेल्या पानांवर बोरूने लिहिलेली पदं आहेत आणि बहुतेक पदांच्या डोक्यावर एक छोटी ओळ आहे – ‘चाल :’, आणि पुढे एखाद्या दुसऱ्याच गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. कुठे नाटकाच्या पदाचे, कुठे कव्वालीचे, कुठे सिनेमाच्या गाण्याचे. आजोबा निजामी अमलात उर्दूतून शिकले, त्यामुळे काही चालींची नावं उर्दू लिपीत आहेत. पद विठ्ठलाचं, अक्षर मोडीच्या वळणाचं आणि चाल उर्दूतली. पालमसारख्या, गंगाखेड-लोहा रस्त्यावरच्या गावात हे कुणाला विचित्र वाटलं नाही. जनाबाईचं गंगाखेड शेजारी असूनही वाटलं नाही.

मला ही वही पुन्हा उघडावीशी वाटली ती एका इंग्रजी संगीतिकेमुळे. ‘बॅकबीट’ हे तिचं नाव. आधी १९९४चा चित्रपट, मग २०१०मध्ये ग्लासगोच्या सिटिझन्स थिएटरात नाटक आणि पुढच्या वर्षी लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरात. विषय बीटल्स, पण जगाला माहीत असलेले बीटल्स नव्हेत. १९६०च्या ऑगस्टमध्ये लिव्हरपूलहून जर्मनीतल्या हॅम्बुर्गला गेलेली पाच पोरं, त्यातला चित्रकार स्टुअर्ट सटक्लिफ, त्याची छायाचित्रकार प्रेयसी आस्ट्रिड किर्शहेर, आणि १९६२च्या एप्रिलमध्ये एकविसाव्या वर्षी झालेला त्याचा मृत्यू.

अशा प्रयोगांना तिकडे ‘ज्यूकबॉक्स’ संगीतिका म्हणतात. नाणं टाकलं की हवी ती तबकडी वाजवणारं यंत्र म्हणजे ज्यूकबॉक्स. मुंबईतल्या काही इराणी हॉटेलांत ते एके काळी असे. प्रेक्षकाला आधीच पाठ असलेली गाणी घ्यायची आणि त्यांच्याभोवती गोष्ट रचायची. १९९९चं ‘मम्मा मिया’ आणि २००५चं ‘जर्सी बॉइज’ ही त्यातली गाजलेली उदाहरणं. ‘बॅकबीट’ची गंमत अशी, की त्या चित्रपटात बीटल्सची स्वतःची म्हणावीत अशी गाणीच नाहीत. ती पोरं हॅम्बुर्गमध्ये रोज रात्री साडेचार तास आणि शनिवार-रविवारी सहा तास वाजवत होती. एवढा वेळ भरायला स्वतःची गाणी कुठून आणणार? मग अमेरिकेतल्या, बहुतेक काळ्या, गायकांची गाणी उसनी घेतली. स्वतःची पहिली तबकडी यायला १९६२चा ऑक्टोबर उजाडला. म्हणजे जगातल्या सर्वांत गाजलेल्या वाद्यवृंदाचं शिक्षण उसन्या गाण्यांवर झालं. त्यांनी पहिल्यांदा वाजवलं त्या क्लबचं नाव होतं ‘इंद्रा’.

‘इंद्रा’ वाचलं आणि मी थबकलो, कारण आपल्या रंगभूमीची कथाही एका इंद्रापासूनच सुरू होते. १८८० साली पुण्यात बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्करांनी पारशी मंडळींची ‘इंद्रसभा’ पाहिली, आणि असं गाण्याचं नाटक मराठीत का होऊ नये हा विचार त्यांच्या मनात बसला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी आनंदोद्भव थिएटरात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगले. दोन इंद्रांचा मेळ हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यावर सिद्धांत उभारण्याइतका भाबडा मी नाही. पण साम्य तिथे संपत नाही.

किर्लोस्करांची मंडळीही सुरुवातीला चार-पाच गाणाऱ्यांचा मेळच होती. मोरोबा वाघुलीकर, बाळकोबा नाटेकर, १८८२मध्ये बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर आणि स्वतः अण्णासाहेब. ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ या दोन नाटकांत प्रत्येकी शंभरावर पदं. एवढ्या चाली किर्लोस्करांनी नव्याने बांधल्या नाहीत, आणि बांधल्या असा दावाही केला नाही. साकी, दिंडी, ओवी, कामदा, अंजनीगीत हे कीर्तनातले आणि घराघरातले साचे त्यांनी उचलले. गुर्लहोसूर हे बेळगाव जिल्ह्यातलं त्यांचं गाव, त्यामुळे कानडी चाली कानात होत्याच. लावणीच्या चाली होत्या. हिंदुस्थानी चिजा होत्या. आणि छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल :’ असं लिहून मूळ गाण्याचे शब्दही दिले. चोरी लपवणारा माणूस असं करत नाही. वाचणाऱ्याला पद गाता यावं म्हणून ती सोय होती. स्वरलिपी सर्वांना येत नव्हती, पण मूळ गाणं मात्र येत होतं.

ही सोय म्हणजे ज्यूकबॉक्स उलटा करणं. तिकडे शब्द आणि सूर दोन्ही जुने, गोष्ट नवी. इथे सूर जुना, शब्द आणि गोष्ट नवी. प्रेक्षकाच्या कानाला ओळखीचा धागा मिळतो आणि त्याच धाग्यावरून तो अनोळखी मजकुरापर्यंत येतो. अनेकदा मला वाटतं, ‘सौभद्र’ १८८२पासून आजवर टिकलं त्यात कथानकाइतकाच या धाग्याचा वाटा आहे.

पुढची पिढी अधिक पंडिती झाली, पण रीत तीच राहिली. १९११च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, १९१६च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी. दोघांनीही पुष्कळदा मूळच्या बंदिशींवर मराठी शब्द बसवण्याची वाट घेतली. १९१९च्या ‘एकच प्याला’ची कथा आणखी वेगळी. राम गणेश गडकरी त्याच वर्षी जानेवारीत गेले, पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली आणि त्यातल्या कित्येक चाली पुण्याच्या गायिका सुंदराबाई जाधव यांच्याकडून आल्या. सुंदराबाईंचं नाव निदान जाणकारांच्या स्मरणात राहिलं. पण ज्या लावणीवाल्या बायकांच्या चाली पांढरपेशा रंगभूमीवर येऊन बसल्या, त्यांची नावं कुठल्या पदाच्या डोक्यावर आहेत? ‘चाल :’च्या पुढे गाण्याचे शब्द येतात, माणूस येत नाही.

हॅम्बुर्गच्या पोरांचंही हेच. ज्यांची गाणी ते घसा फुटेपर्यंत गात होते, त्यातल्या बऱ्याच जणांना मंचावर कुणी बोलावलं नाही.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, जी मला अधिक जवळची आहे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच घाट घेतला, गण-गवळणीच्या जागी नवे विषय आणले. आंबेडकरी जलशांनी तो आणखी पुढे नेला. १९४४मध्ये मुंबईत अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णाभाऊंनी गणाच्या जागी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आणलं, पण डफ तोच ठेवला. गिरणगावातल्या कामगाराला समजेल असा सूर हवा होता, तो कामगारासोबत गावाकडूनच आला होता. तीन माणसांचा हा मेळ घेऊन कुणी आज रंगमंचावर त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांची गोष्ट त्यांच्याच गाण्यांतून मांडली, तर ती ‘बॅकबीट’पेक्षा उणी ठरणार नाही. चाळीतल्या खोल्या आहेत, संप आहे, पोलीस आहेत आणि पुढे दूर गेलेले मित्रही आहेत.

वामनदादा कर्डकांचं उदाहरण तर अगदी इथल्या मातीतलं वाटतं, जरी ते सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्यांच्या लेखनाची सुरुवात एका हिंदी सिनेगीताच्या विडंबनाने झाली. मग हजारो गीतं आली, गायन पार्ट्या गावोगाव ती गाऊ लागल्या. मराठवाड्यात भीमजयंतीच्या रात्री ज्याने ती ऐकली आहेत, त्याला ठाऊक आहे की कित्येकदा पहिल्या दोन सुरांतच लोक ओळखतात हे कुठलं सिनेमातलं, आणि तिसऱ्या ओळीला ते विसरून बाबासाहेबांच्या गोष्टीत बुडून जातात.

आणि इथेच माझी तक्रार आहे. बालगंधर्वांचं पद एखाद्या बंदिशीवर बेतलेलं असलं तर आपले समीक्षक त्याला संस्कार म्हणतात, परंपरेचा ओघ म्हणतात. भीमगीत सिनेमाच्या चालीवर असलं तर तेच समीक्षक ‘उसनी चाल’ म्हणून नाक मुरडतात. रीत एकच आहे. फरक एवढाच की पहिल्यात उसनवारी बैठकीतून झाली आणि दुसऱ्यात रेडिओवरून. गिरणीत बारा तास राबणाऱ्याला बैठक कुठली मिळणार? त्याच्या घरी जो सूर पोहोचला, त्यावर त्याने आपलं म्हणणं बसवलं. किर्लोस्करांनीही याहून वेगळं काही केलं नव्हतं.

सिनेमाच्या चालीचा हव्यास वाढला तेव्हा गायन पार्ट्यांनी आपल्या जुन्या चाली हरवल्या, हेही खरं. गोंधळाच्या, भलरीच्या, पोतराजाच्या चाली आता सांगायलाही माणूस सापडत नाही. हे नुकसान मी नाकारत नाही. पण नुकसान मोजायचं तर सर्वांचं मोजावं, ‘सौभद्र’पासून मोजावं. त्यातल्या पदांच्या डोक्यावर ज्या मूळ गाण्यांचे शब्द आहेत, त्यातली कितीतरी आज कुणाच्याही ओठांवर नाहीत. पद टिकलं, ज्याच्यावर ते उभं राहिलं ते गेलं.

या दिवाळीआधी मी वही घेऊन पालममधल्या एका म्हाताऱ्या भजनकऱ्यांकडे गेलो. पेटी त्यांच्याकडे अजून आहे, भात्याला एक भोक आहे. चाळीसेक पदं त्यांनी ‘चाल :’ वाचताच गाऊन दाखवली. एका कव्वालीच्या चालीला ते हसले आणि म्हणाले, “तुमच्या आजोबांना हीच आवडायची. एकादशीला सुद्धा हीच लावायचे.”

शेवटच्या पानांवर सात पदं आहेत. तिथे आजोबांनी ‘चाल :’ लिहिलं आहे आणि पुढची जागा मोकळी सोडली आहे. चाल इतकी पाठ असावी की लिहायची गरजच वाटली नाही, किंवा नंतर लिहू म्हणून राहून गेलं. भजनकऱ्यांनी पेटीवर बोटं ठेवून चार-पाच चाली बसवून पाहिल्या. दिंडी बसली नाही. एक नाट्यपद जवळपास बसलं, पण तिसऱ्या ओळीला मात्रा सांडल्या. शेवटी त्यांनी पेटीचा भाता मिटला, वही माझ्या हातात दिली आणि चहा टाकायला सांगितलं.