इंडिया पेल एल : नवख्यांनी निवड कशी करावी?

नावात ‘इंडिया’ असली तरी इंडिया पेल एल, अर्थात ‘आयपीए’, ही बिअर मूळची इंग्लंडची. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळच्या बो येथील जॉर्ज हॉजसन यांची फिकट बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानात येऊ लागली. कित्येक महिन्यांच्या सागरी प्रवासात ती नासू नये, म्हणून तीत हॉप्सची फुले अधिक घातली जात. पुढे १८२०च्या दशकात बर्टनचे ऑलसॉप आणि बास या व्यापारात उतरले.

महाराष्ट्रात पुण्यातील ‘डूलाली’ने २००९ मध्ये मायक्रोब्रुअरी सुरू केली. त्यानंतर ‘गेटवे ब्रुइंग कंपनी’ने २०१४च्या सुमारास डोंबिवलीत क्राफ्ट बिअर तयार करून मुंबईतील उपाहारगृहांना पुरवली.

ठाणे, कल्याण-डोंबिवलीत आयपीए घेताना प्रथम बाटलीवरील उत्पादनाची तारीख पाहावी. प्रवासासाठी घडलेल्या या बिअरची आजची खरी ओळख हॉप्सचा ताजा सुगंध ही आहे आणि तो उष्णतेने व उन्हाने लवकर उडतो. त्यामुळे दुकानाच्या उघड्या फळीवरील बाटलीपेक्षा फ्रिजमधली अलीकडची बाटली केव्हाही बरी. कडवटपणाची सवय नसल्यास आधी साधी पेल एल घ्यावी. मायक्रोब्रुअरीत लहान पेला मागवावा. बर्फासारखी थंड बिअर चवीला मुकते.

बहुतेक आयपीएंत मद्यार्क ५ टक्क्यांहून अधिक असतो. राज्यात सौम्य बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची, तर अशा तीव्र बिअरसाठी २५ वर्षांची आहे. मद्यसेवनाचा परवानाही आवश्यक असतो.