तिरोड्याची चिमणी आणि शंभराचा शेअर

गोंदिया म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना मुंबई-हावडा लाइनवरचं जंक्शन आठवतं, फार तर नवेगावबांध आणि नागझिरा. भाताच्या गिरण्या, तेंदूपत्ता, बिड्या आणि तलावांचा हा जिल्हा. याच जिल्ह्यातल्या तिरोड्याला एमआयडीसीच्या जागेवर ३,३०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. ६६० मेगावॅटचे पाच संच, पाणी वैनगंगेचं. पहिला संच २०१२ मध्ये सुरू झाला, पाचवा २०१४ मध्ये. मालक अदानी पॉवर.

आता अदानी हे नाव काढलं की गप्पा लगेच राजकारणावर जातात. त्या वाटेला आज जायचं नाहीये. मला लिहायचंय ते या कंपनीच्या छोट्या भागधारकांबद्दल, आणि त्यातही 'वॉरंट' नावाच्या एका प्रकाराबद्दल. वीज कंपन्यांचे शेअर बाळगणारी मंडळी त्यावर तावातावाने बोलतात, पण तो नीट समजावून फारसं कोणी सांगत नाही.

आधी थोडा इतिहास.

शंभर रुपयांची गोष्ट

जुलै २००९ च्या शेवटी अदानी पॉवरचा आयपीओ आला. भाव १०० रुपये, जमा झाले सुमारे ३,००० कोटी. ऑगस्टमध्ये शेअर बाजारात आला तेव्हा पहिल्या दिवशी शंभरच्याच आसपास बंद झाला. दीड वर्षापूर्वी रिलायन्स पॉवरचा ४५० रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी आपटलेला सगळ्यांनी पाहिला होता, त्यामानाने हे बरंच म्हणायचं. शिवाय युक्तिवाद बिनतोड वाटत होता. देशात लोडशेडिंग आहे, विजेला मागणी आहे, वीज विकली जाणारच. मग तोटा होईलच कसा?

तो कसा झाला, हे तिरोड्यातच बघायला मिळतं. २००८ मध्ये महावितरणशी १,३२० मेगावॅटचा करार झाला, दर २ रुपये ६४ पैसे युनिट. या दरामागचं एक मोठं गृहीतक होतं चंद्रपूरजवळच्या लोहारा खाणपट्ट्यातला कोळसा. पण लोहारा ताडोबाला लागून. २००९-१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने तिथल्या खाणीची वाट बंद केली. वाघांसाठी ते योग्यच झालं, पण करारातला दर तसाच राहिला. मग कोल इंडियाचा कोळसा येईल असं गणित मांडलं, तर तोही गरजेइतका मिळेना. २०१३ मध्ये तर सरकारने धोरणातच पुरवठ्याचं प्रमाण खाली आणलं. उरलेला कोळसा लिलावातून किंवा परदेशातून, म्हणजे महाग घ्यायचा.

म्हणजे बघा, चिमणीतून धूर निघतोय, संच चालू आहेत, वीज विकली जातेय, आणि तरीही पैसे सुटत नाहीत. तिकडे गुजरातमध्ये मुंद्र्याच्या ४,६२० मेगावॅटच्या केंद्राची अवस्था याहून वाईट होती, कारण इंडोनेशियाने आपल्या कोळशाच्या किमतीचे नियम बदलले होते. २०१२-१३ मध्ये कंपनीचा एकत्रित तोटा २,००० कोटींच्या वर गेला. शेअर २०११ मध्येच शंभरच्या खाली घसरला होता, आणि तो पुन्हा शंभरच्या वर यायला २०२१ उजाडलं. मधली दहा वर्षं ना भाव, ना लाभांश. बँकेतली ८ टक्क्यांची एफडी तेवढ्या काळात दुपटीहून जास्त होते.

वॉरंट म्हणजे नक्की काय

अशा रडतखडत चालणाऱ्या कंपनीत मग एक दिवस बातमी येते, "प्रमोटरना वॉरंट देणार". लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, मालक स्वतःचे पैसे घालतोय, म्हणजे आतली खबर चांगली आहे. दुसरा म्हणतो, आपला हिस्सा पातळ करून स्वतः स्वस्तात शेअर घेतायत.

जुन्या १९५६ च्या कंपनी कायद्यात 'शेअर वॉरंट' म्हणजे ज्याच्या हातात कागद, तो मालक, असा प्रकार होता. २०१३ च्या कायद्यात तो राहिला नाही. आजचं वॉरंट निराळं. आपल्या आयटीवाल्यांना ते ईसॉपवरून पटकन कळेल. ठरलेल्या भावाने, ठरलेल्या मुदतीत शेअर घेण्याचा हक्क, सक्ती नाही. आज २५ टक्के भरायचे, उरलेले ७५ टक्के १८ महिन्यांच्या आत. नाही भरले तर आधीचे २५ टक्के बुडाले. फ्लॅटचं टोकन भरण्यासारखंच.

यातला मुद्दा असा, की प्रमोटर चतुर्थांश पैसे भरून दीड वर्ष थांबू शकतो. आपण मात्र पूर्ण पैसे घालून थांबलेलो असतो. थांबणं दोघांचंही, पण किंमत वेगवेगळी.

आणि पूर्वी हे टोकन फक्त १० टक्के होतं. त्याचं काय झालं याचं उदाहरण तेव्हा मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवत असलेल्या रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरचं (म्हणजे जुनी बीएसईएस). २००८ च्या सुरुवातीला, बाजार शिखरावर असताना, प्रमोटरना १,८२२ रुपये भावाने ४.३ कोटी वॉरंट दिली गेली. मग मंदी आली, भाव कोसळला. २००९ मध्ये मुदत संपली तेव्हा प्रमोटरनी उरलेले पैसे भरलेच नाहीत आणि आधी भरलेल्या सुमारे ७८३ कोटींवर पाणी सोडलं. हिशेबाने बरोबरच होतं ते. पण "मालक ७,८०० कोटी घालतोय" या बातमीवर ज्यांनी शेअर घेतले, त्यांना असं टोकन सोडून बाहेर पडता येत नव्हतं. असे प्रकार अनेक कंपन्यांत होऊ लागल्यावर सेबीने फेब्रुवारी २००९ मध्ये टोकन १० वरून २५ टक्के केलं.

२०१६ : अदानी पॉवरची पाळी

२०१६ मध्ये अदानी पॉवरने प्रमोटर गटाला ५२.३ कोटी वॉरंट दिली. भाव ३२ रुपये ५४ पैसे, म्हणजे तेव्हाच्या बाजारभावाच्या आसपास. एकूण रक्कम साधारण १,७०० कोटी. इथे प्रमोटरनी पाठ फिरवली नाही. मार्च २०१७ पर्यंत सगळ्या वॉरंटचे शेअर झाले. एकूण शेअर ३३३ कोटींवरून ३८५ कोटींवर गेले, म्हणजे जुन्या भागधारकाचा हिस्सा साडेतेरा टक्क्यांनी पातळ झाला.

मग "आतली खबर चांगली" म्हणणारे बरोबर ठरले का? थांबा. त्याच २०१६-१७ या वर्षात कंपनीचा तोटा ६,००० कोटींच्या वर गेला. वॉरंटमधून आलेले पैसे एका वर्षाच्या तोट्याच्या तिसऱ्या हिश्शालाही पुरले नसते. २०१८ मध्ये शेअर वीस रुपयांच्या खाली होता. म्हणजे ३२.५४ ला घेणारा प्रमोटरही कागदावर तोट्यातच.

एवढा तोटा का? तर ११ एप्रिल २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. इंडोनेशियातला कायदा बदलला म्हणून इथल्या ग्राहकाकडून जादा दर घेता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. मुंद्र्यासाठी हा मोठा दणका होता. पण त्याच निकालात असंही होतं, की देशातलं कोळसा धोरण बदलणं हा 'कायद्यातला बदल' धरता येईल आणि त्याची भरपाई मागता येईल. तिरोड्याचा रस्ता इथे मोकळा झाला. पुढे वीज नियामक आयोग, अपिलीय न्यायाधिकरण असं करत करत २०२३ मध्ये महावितरणचं अपील सर्वोच्च न्यायालयातही फेटाळलं गेलं. २०२२-२३ मध्ये कंपनीचा नफा १०,७०० कोटींच्या वर गेला, आणि त्यात मागच्या वर्षांच्या अशा थकबाकीचा मोठा वाटा होता.

म्हणजे वॉरंटवर वाद घालणारे दोन्ही तट भलत्याच ठिकाणी बघत होते. कंपनीचं भवितव्य ठरलं ते कोळशाच्या धोरणात आणि न्यायालयाच्या निकालपत्रात. हे कागद सगळ्यांना खुले होते, पण शंभर-दोनशे पानांचं निकालपत्र वाचणार कोण :)

यातली सगळ्यात बोचरी वेळ मे २०२०. कोरोनाचा काळ, आणि कंपनीने शेअर बाजारातून काढून घेण्याचा प्रस्ताव आणला. किमान भाव ३३ रुपये ८२ पैसे. अकरा वर्षं थांबून कंटाळलेल्या माणसाला काहीतरी हातात पडतंय म्हणून तोही बरा वाटला असता. प्रस्ताव रेंगाळला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मागे घेतला गेला. त्याच्या महिनाभर आधी भाव चारशेच्या वर होता. हिंडेनबर्ग अहवालानंतर, फेब्रुवारी २०२३ मध्ये, तो दीडशेच्याही खाली आला. पुन्हा वर गेला. २०२५ मध्ये एका शेअरचे पाच झाले.

यावरून "थांबला तो जिंकला" असा बोध कृपया काढू नका. रिलायन्स पॉवरला थांबलेले लोकही आहेत. तिथे २०२१ मध्ये रिलायन्स इन्फ्राला १० रुपये भावाने ५९.५ कोटी शेअर आणि ७३ कोटी वॉरंट द्यायचं ठरलं, एकूण १,३२५ कोटी. पण ते जुन्या कर्जाच्या बदल्यात होते, नवे पैसे नव्हते. ४५० ला घेतलेल्याला बोनस धरूनही ती मुद्दल परत दिसलेली नाही.

म्हणून वॉरंटची बातमी आली की मी तीन गोष्टी बघतो. भाव बाजाराच्या वर आहे की खाली? पैसे नवे येतायत की जुनं कर्ज फिरवलं जातंय? आणि जमणारी रक्कम वर्षाच्या तोट्याच्या किती पट आहे? विशेष ठरावाला ७५ टक्के मतं लागतात खरी, पण निम्म्याहून बरेच जास्त शेअर प्रमोटरकडेच असले तर आपल्या मताने फारसं काही अडत नाही. आपल्या हातात असतं ते वाचणं आणि विकणं.

आणि एक. तिरोड्याची ती भरपाई शेवटी महावितरणकडून, म्हणजे महावितरणच्या ग्राहकांकडूनच वसूल होते. पुण्यात किंवा नागपुरात राहणाऱ्या, हा शेअर बाळगून असलेल्या माणसाच्या एका खिशात नफा आला तेव्हा दुसऱ्या खिशातून विजेचं बिल जात होतं. खुद्द गोंदियातल्या भात पिकवणाऱ्या बहुतेकांकडे मात्र हा शेअर नसणार. बिल तेवढं आहे.