माठाखालचं चाक आणि नानांची शेव्हरले

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात पाण्याचा माठ लोखंडी तिवईवर नव्हता. तो एका जाडजूड दातेरी चाकावर बसायचा. लहानपणी आम्ही भावंडं त्याचे दात मोजायचो. कधी छत्तीस भरायचे, कधी अडतीस. शेवटी एकदा आजीने कुंकवाचं बोट एका दाताला लावलं आणि म्हणाली, "इथून मोजा, इथे संपवा." ३७ भरले. हे चाक कशाचं, असं विचारलं की ती "तुझ्या नानांच्या गाडीचं" एवढंच सांगायची आणि विषय बदलायची. विषय का बदलायची ते कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

या ग्रुपवर जुन्या वाड्यांबद्दल आणि गणेशोत्सवांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मी मोटारीबद्दल लिहितोय, तेही तिच्या मागच्या धुरीबद्दल, म्हणून आधीच माफी मागतो. पण आमच्या घरातल्या दोन माणसांचं बोलणं आठ वर्षं बंद राहिलं ते या चाकापायी.

नाना, म्हणजे माझे आजोबा, इंदूरला वकिली करायचे. १९५५ मध्ये त्यांनी १९५१ सालची शेव्हरले सेकंडहँड घेतली. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईला शिवडीत गाड्या जोडायला सुरुवात केली होती, त्यामुळे आपल्याकडे शेव्हरले अगदी दुर्मिळ नव्हती. सहा सिलिंडर, साडेतीन लिटरचं इंजिन, तीन गिअर, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला. नानांची आई नाशिकला धाकट्या मुलाकडे असायची. त्यामुळे वर्षातून पाच-सहा वेळा आग्रा रोडने इंदूर-नाशिक वारी ठरलेली. महू, मानपूरचा घाट, खलघाटला नर्मदा, सेंधवा, बिजासनचा घाट, शिरपूर, धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक. २५५ मैल. गाडीत सात माणसं, वर कॅरिअरला दोन होल्डॉल आणि शेवेचा डबा. शेवेशिवाय इंदूरचा माणूस नाशिकला कसा जाईल?

आता दुसरे पात्र. आजीचा धाकटा भाऊ, आम्ही त्यांना भाऊमामा म्हणायचो. ते होळकरांच्या मोटारखान्यात मेकॅनिक होते. यशवंतराव होळकरांना गाड्यांचा किती शौक होता ते इंदूरकरांना सांगायला नको. लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी बांधलेली त्यांची ड्यूझेनबर्ग आजही जगातल्या जाणकारांना माहीत आहे. १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झालं आणि मोटारखान्यातली माणसं हळूहळू पांगली. भाऊमामांनी छावणीत एक शेड भाड्याने घेऊन गॅरेज टाकलं. हात सोन्याचा, पण बिल लिहायचा कंटाळा. नाना नेमके उलटे. प्रत्येक गॅलन पेट्रोल डायरीत.

१९५७ च्या उन्हाळ्यात शिरपूरच्या पुढे सरळ सपाट रस्त्यावर इंजिनातून टकटक यायला लागली. धुळ्यापर्यंत कशीबशी पोहोचले आणि तिथे कळलं की कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं. त्या इंजिनाची ही खोड होती. आजच्यासारखी बेअरिंगची पातळ शेल नसायची. रॉडमध्येच व्हाइट मेटल ओतून, खरवडून बसवायचं. आणि रॉडला प्रेशरने तेल मिळत नसे. रॉडच्या टोकाला एक छोटी पळी, ती तेल उचलून आत ढकलायची. शहरात, खेड्यात, मध्यम वेगात हे इंजिन वर्षानुवर्षं चालायचं. पण तासन् तास जोरात पळवलं की व्हाइट मेटल दाद मागायचं.

भाऊमामा ट्रकमधून धुळ्याला गेले, तीन दिवस मुक्काम करून इंजिन उभं केलं. परतल्यावर नानांना म्हणाले, "नाना, इंजिनाची चूक नाही. मागचे दात बदलायला पाहिजेत."

इथे थोडं थांबून सांगतो, कारण गोष्टीची सगळी किल्ली यातच आहे.

इंजिनाचा शाफ्ट मागच्या धुरीपर्यंत येतो. तिथे एक छोटं पिनियन आणि त्याला अडकलेलं मोठं क्राउन. नानांच्या गाडीत पिनियनला ९ दात, क्राउनला ३७. भागाकार ४.११. म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिन ४.११ वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. त्या गाडीचं टायरसकट चाक साधारण २८ इंच उंच, म्हणजे मैलाला ७२० फेरे. गुणाकार करा: एका मैलाला इंजिनाचे २९६० फेरे. ताशी ६० मैल म्हणजे मिनिटाला एक मैल, तेव्हा हाच आकडा इंजिनाचा मिनिटाचा वेग.

(९ आणि ३७ असे आडमुठे आकडे का? कारण दोघांना समान विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात पाळीपाळीने क्राउनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सारखी होते. ३६ ला ९ लावले असते तर तेच तेच दात एकमेकांवर घासले असते. हे मला भाऊमामांनीच शिकवलं, पाटीवर.)

कंपनीने ४.११ का दिलं? गिऱ्हाइकाला गिअर बदलायचा कंटाळा. टॉपमध्ये टाकलं की बाजारातून, चढावरून, बैलगाडीच्या मागून गाडी न कुरकुरता निघाली पाहिजे. त्यासाठी मागे मोठं गुणोत्तर हवं. त्याची किंमत लांबच्या सपाट रस्त्यावर द्यावी लागते, कारण इंजिन उगाच जास्त फिरतं. गुणोत्तर लहान केलं तर सपाटीला आराम, पण चढाला आणि सुरुवातीला जोर कमी. दोन्ही एकदम मिळत नाही. रस्ता कुठला, ओझं किती, गाडी चालवणारा कसा, हे बघून ठरवायचं असतं.

१९५० पासून शेव्हरलेने पॉवरग्लाइड नावाचा ऑटोमॅटिक गिअर द्यायला सुरुवात केली होती. त्या गाड्यांना मागे ११ ला ३९ दात, म्हणजे साधारण ३.५५. ऑटोमॅटिकचा कन्व्हर्टर सुरुवातीचा जोर स्वतःच वाढवून देतो, आणि त्या गाड्यांचं इंजिनही मोठं असायचं, १०५ हॉर्सपॉवरचं. नानांचं ९२ चं. भाऊमामांना मुंबईत एका ठोकलेल्या पॉवरग्लाइड गाडीची धुरी सापडली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मैलाला २९६० ऐवजी २५५३ फेरे. नाशिकच्या एका खेपेत एक लाखाहून जास्त फेरे वाचणार. घाटात टॉप ओढणार नाही, तिथे दुसरा गिअर टाका, त्यासाठीच तो दिलाय.

नानांना पटलं नव्हतं. "कंपनीला अक्कल नव्हती का?" हा त्यांचा प्रश्न. पण धुळ्याचे तीन दिवस ताजे होते, आणि आजीने भावाची बाजू घेतली. १९५८ च्या फेब्रुवारीत काम झालं. क्राउन-पिनियन नेहमी जोडीनेच बदलायचं, कारण ते कारखान्यात एकमेकांवर घासून बसवलेले असतात. एकाचा सोबती दुसऱ्याला चालत नाही. शेव्हरलेत शाफ्टही उघडा नसून नळीत बंद, त्यामुळे सगळी मागची बाजू खाली उतरवावी लागली. मग रंग लावून दात कुठे टेकतात ते बघायचं, पत्र्याच्या शिमा घालायच्या, परत बघायचं. बाबा तेव्हा बारा वर्षांचे. ते सांगतात, मामा दोन रात्री गॅरेजमध्येच झोपले. पैसे घेतले फक्त मालाचे.

आणि मग नानांच्या तक्रारी सुरू झाल्या. पहिली: पेट्रोल वाढलं. डायरीत साफ दिसत होतं, गॅलनला १५ मैल मिळायचे ते साडेतेरावर आले. दुसरी: गाडी थांबत नाही. नाना कायम ५० मैलांवर काटा ठेवायचे, एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही, पण आता त्याच ५० वर ब्रेक अपुरे वाटायचे. बिजासनच्या उतारावर एकदा समोर बैलगाडी आली आणि गाडी रस्त्याच्या कडेला दगडांत गेली. कुणाला लागलं नाही. आजीचा डबा मात्र फुटला आणि शेव रस्ताभर.

भाऊमामा म्हणाले, "नाना, मीटर खोटं बोलतंय. त्याचं पिनियन बदलायचं राहिलंय, माल मिळाला की टाकतो."

वकिलासमोर असं बोलू नये. नाना म्हणाले, "काम तुमचं बिघडलं आणि खोटं मीटर बोलून राहिलंय का?" त्या दिवसापर्यंत ते मेव्हण्याला अरे-तुरे करायचे.

नंतर गाडी दुसऱ्या गॅरेजात जायला लागली. भाऊबीजेला नाना आजीला छावणीच्या कोपऱ्यावर सोडायचे आणि स्वतः गाडीतच पेपर वाचत बसायचे. आठ भाऊबीजा. १९६६ मध्ये गाडी विकली, त्यानंतर नाना एकदाचे वर गेले, पण या विषयावर दोघंही बोलले नाहीत. जुनं क्राउन भाऊमामांनी घरी आणून दिलं होतं, आपला माल आपल्याकडे असावा म्हणून. आजीने त्यावर माठ ठेवला.

मागच्या दिवाळीत माळा आवरताना नानांच्या डायऱ्या मिळाल्या. बहुतेक पानांवर महिन्याचे एकत्र मैल आणि एकत्र गॅलन, त्यामुळे कधी कुणाला शंका आली नसावी. पण एप्रिल १९५८ च्या एका पानावर नाशिकला निघताना आणि पोहोचताना मीटरचे आकडे वेगवेगळे लिहिलेले होते. मी वजाबाकी केली. २२०.

इंदूर-नाशिक २२० मैल? नाशिक ३५ मैलांनी जवळ आलं होतं!

मी त्याच रात्री कागद घेऊन बसलो. त्या गाडीचं मीटर गिअरबॉक्सवरून चालतं, चाकावरून नाही. मागचे दात बदलले, पण मीटरला ते कळलंच नाही, ते जुन्याच ४.११ च्या हिशोबाने मोजत राहिलं. २५५ मैल तोडले की दाखवणार २२०. त्या खेपेला पेट्रोल लागलं होतं १६.४ गॅलन. मीटरप्रमाणे साडेतेराच्या आत, पण खरे मैल घेतले तर साडेपंधरा. म्हणजे पेट्रोल वाढलं नव्हतंच, किंचित कमीच झालं होतं. आणि काटा ५० वर असताना गाडी खरी ५८ ने धावत होती. सात माणसं भरलेली, ड्रम ब्रेकची गाडी ५८ वर कशी थांबणार?

भाऊमामा खरं बोलत होते. पण ते पूर्ण बरोबर होते असंही मला म्हणवत नाही. लहान गुणोत्तराने उतारावर इंजिनाचा ब्रेकही कमी लागतो, हे त्यांनी नानांना ठासून सांगायला हवं होतं. आणि मीटर ठीक होईपर्यंत गाडी द्यायलाच नको होती. शिवाय एक गंमत बघा. नानांनी काटा ५० वरच ठेवल्यामुळे इंजिन मिनिटाला पूर्वीइतकंच फिरत राहिलं. आराम द्यायचा तो बेअरिंगला मिळाला नाही, फक्त नाशिक लवकर यायला लागलं. नाना त्याबद्दल एकदाही काही लिहीत नाहीत. घड्याळाची वेळ त्यांनी कधी नोंदवलीच नाही, नाहीतर तिथेच उलगडा झाला असता.

नाना १९८१ मध्ये गेले, मामा त्यानंतर चार वर्षांनी. मी तो कागद आणि डायरी घेऊन मामांच्या मुलाकडे गेलो. काका आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी चष्मा लावून सगळे आकडे दोनदा तपासले, मग म्हणाले, "बाबा आम्हाला एवढंच सांगायचे की नानांची गाडी माझ्याकडून नीट झाली नाही."

माठ हल्ली कुणी भरत नाही. क्राउन मी घासून, तेल लावून काकांकडे नेऊन दिलंय. त्याचं ९ दातांचं पिनियन मात्र सापडत नाहीये. आमच्या नात्यात कुणाच्या घरी पेपरवेट म्हणून पडलं असेल तर कृपया कळवा.