शिदोरीविना अंतराळप्रवास

रॉकेटला आपलं इंधन बरोबर न्यावं लागतं आणि ते वाहण्यासाठी आणखी इंधन जाळावं लागतं. त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ साली हे गणित मांडलं. त्यातून सुटण्याचा सर्वांत धाडसी मार्ग १९६० मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट बसार्ड यांनी सुचवला: ताऱ्यांमधल्या पोकळीतला विरळ हायड्रोजन वाटेतच गोळा करायचा आणि त्याच्या अणुसंमीलनातून पुढे जायचं. कल्पना विज्ञानकथाकारांनी उचलून धरली, पण हिशेब जमेना. सूर्याच्या आसपास हायड्रोजन फारच विरळ, साध्या प्रोटॉनांचं संमीलन अतिशय मंद, आणि तो गोळा करणारं चुंबकीय क्षेत्रच यानाला अडवणारं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट झुब्रिन आणि डॅना अँड्र्यूज यांना हा अडथळा मिळणाऱ्या रेट्याहून मोठा भरताना दिसला. त्यांनी त्या अडथळ्यालाच कामाला लावलं आणि यानाचा वेग कमी करणाऱ्या चुंबकीय शिडाची कल्पना मांडली.

अंतराळातून फुकट मिळणारी शक्ती प्रत्यक्षात उपयोगी पडली ती मात्र फार साध्या कामासाठी. प्रकाशाचा दाब असतो हे मॅक्सवेल यांनी १८७३ मध्ये सांगितलं होतं आणि लेबेदेव यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो मोजून दाखवला. बुधाकडे गेलेल्या मरिनर १० चा दिशा सांभाळणारा वायू संपत आला, तेव्हा नियंत्रकांनी त्याचे सौरफलक कलते करून सूर्यप्रकाशाच्या दाबावरच यानाचा तोल राखला. १९७५ मध्ये बुधाची तिसरी भेट त्यामुळे साधली. सौरफलक एकाच बाजूला असलेल्या आपल्या इन्सॅट उपग्रहांवरही दुसऱ्या बाजूने तोल साधायला छोटं सौरशीड बसवलेलं असे. २०१३ मध्ये केपलर अंतराळ दुर्बिणीचं दिशा स्थिर ठेवणारं दुसरं चाक निकामी झालं, तेव्हाही तिला याच दाबाने हात दिला.

यावर जपानच्या इकारोस या सौरशिडाच्या यानाचं उदाहरण पुढे केलं जाईल. २०१० मध्ये १४ मीटर बाजूच्या चौकोनी शिडाने त्याला खरोखरच वेग दिला, हे मान्यच. पण तो रेटा १.१२ मिलिन्यूटन, म्हणजे पृथ्वीवर दशांश ग्रॅमच्या वजनाएवढा होता. काळाबरोबर बसार्डचं यानही शक्य होईल, असंही म्हटलं जाईल. परंतु कारागिरी सुधारली तरी हायड्रोजन दाट होत नाही. म्हणून या इतिहासाचा निष्कर्ष असा: अंतराळाने यानांना आजवर इंधन क्वचितच दिलं, त्याने मुख्यतः इंधन वाचवलं, आणि मोहिमांचं आयुष्य त्या बचतीनेच वाढलं.