डॉक्युमेंट बदलायचे, की बदलून टाकायचे?

मोंगोडीबीसारख्या डॉक्युमेंट-डेटाबेसवर काम करणाऱ्यांमध्ये एक मत इतके रुळले आहे, की ते मत आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. आधीची नोंद अद्ययावत करायची तर डॉक्युमेंट वाचावे, आपल्या प्रोग्रॅममध्ये हवा तो फरक करावा आणि अख्खे डॉक्युमेंट परत ठेवून द्यावे. वाचा, बदला, ठेवा. नवशिक्याला हेच शिकवले जाते आणि मुरलेलेही बहुधा हेच करतात. मला हे मत चुकीचे वाटते. नुसते गैरसोयीचे नव्हे, चुकीचे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण तो अडाण्यांचा नाही. ते म्हणतात, डॉक्युमेंट-डेटाबेस निवडायचा तोच मुळी एका वस्तूची माहिती एकसंध राहावी म्हणून. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत जे पाच टेबलांत विखुरते, ते इथे एका कागदावर मावते. मग तो कागद उचलून, दुरुस्त करून परत ठेवण्यात वावगे काय? नियमांची तपासणीही प्रोग्रॅममध्ये एकाच जागी राहते. शिवाय डिस्कवर तरी निराळे काय घडते? मोंगोडीबीचे वायर्डटायगर हे स्टोरेज इंजिन जुनी प्रत जागच्या जागी खोडत नाही, नवी आवृत्तीच लिहिते. आणि दोघांचे बदल एकमेकांवर आदळतील अशी भीती वाटत असेल, तर डॉक्युमेंटवर आवृत्ती-क्रमांक ठेवावा. काउचडीबी हा दुसरा डॉक्युमेंट-डेटाबेस हेच तर करतो!

युक्तिवाद भक्कम दिसतो. आता एक साधा प्रसंग घेऊ.

एका ग्रंथालयात एका पुस्तकाचे डॉक्युमेंट आहे: कपाट ३, शिल्लक प्रती ८. देवघेवीच्या खिडकीवर एक प्रत वाचकाला दिली जाते. त्याच वेळी आतल्या खोलीत दुसरा कर्मचारी ते पुस्तक कपाट ५ मध्ये हलवल्याची नोंद करतो. दोघांनी डॉक्युमेंट वाचले तेव्हा त्यात ८ होते. खिडकीवरच्याने ७ लिहून ठेवले. क्षणभराने आतल्याने आपले डॉक्युमेंट ठेवले: कपाट ५, प्रती ८. नोंदीत आठ, कपाटात सात. दिलेली प्रत डेटाबेसच्या लेखी कधी दिलीच गेली नाही.

आतल्या माणसाचा अपराध काय? त्याने प्रतींच्या आकड्याला हातही लावला नव्हता. पण अख्खे डॉक्युमेंट परत पाठवण्याच्या रिवाजाने त्याच्याकडून एक विधान वदवून घेतले, की प्रती आठ आहेत. जे त्याला सांगायचे नव्हते, ज्याची त्याला खबरही नव्हती, ते त्याच्या नावावर लागले. दोघांच्या कामांत विरोध नव्हताच. विरोध पद्धतीने निर्माण केला. डेटाबेसशास्त्रात याला ‘लॉस्ट अपडेट’ म्हणतात. दुखणे डॉक्युमेंट-डेटाबेसांहून कितीतरी जुने आहे, आणि पाठ्यपुस्तकात शिकून परीक्षेत लिहिलेले हेच दुखणे आपण पुन्हा घरात घेतले आहे.

उपाय मोंगोडीबीतच आहे. ‘सेट’ या ऑपरेटरने फक्त कपाट बदलावे. ‘इन्क’ या ऑपरेटरने प्रतींतून एक वजा करावा, आणि तोही ‘प्रती शून्याहून अधिक असतील तरच’ ही अट त्याच आज्ञेत घालून. एका डॉक्युमेंटवरचे लिखाण तिथे अविभाज्य असते. अट तपासणे आणि बदल करणे यांच्या मधे तिसरा कोणी शिरू शकत नाही. मग कोण आधी आला याला महत्त्व उरत नाही. कपाट ५, प्रती ७. दोन्ही क्रमांनी तेच.

डिस्कच्या मुद्द्यातले तथ्य मी मान्य करतो. निष्कर्ष मान्य करत नाही. मोंगोडीबीचे एमएमॅपव्ही१ हे जुने इंजिन होते तेव्हा डॉक्युमेंट नेमलेल्या जागेत मावेनासे झाले, की ते उचलून दुसरीकडे न्यावे लागे. त्या काळी जागच्या जागी केलेला लहान बदल खरोखर स्वस्त पडे. २०१९ च्या ४.२ आवृत्तीतून ते इंजिनच गेले. माझा पक्ष डिस्कच्या बचतीवर उभा असता, तर तोही त्याच्याबरोबर गेला असता. पण डिस्कवर किती लिहिले जाते हा एक प्रश्न, आणि कोणत्या क्षणीच्या माहितीवरून लिहिले जाते हा वेगळा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवणे हा हेत्वाभास आहे. पोस्टग्रेस हा रिलेशनल डेटाबेसही ‘अपडेट’ आल्यावर ओळीची नवी आवृत्तीच लिहितो. म्हणून कोणी ओळ वाचून तिचे सगळे स्तंभ परत पाठवण्याचा आग्रह धरतो का?

इथे चाणाक्ष प्रतिपक्षी आणखी एक पुरावा पुढे करील. मोंगोडीबीच्या ऑपलॉगमध्ये, म्हणजे दुय्यम सर्व्हर ज्यावरून आपली प्रत जुळवून घेतात त्या नोंदवहीत, ‘एक वजा कर’ असे लिहिले जात नाही. ‘प्रती ७’ असा अंतिम आकडाच लिहिला जातो. खरे आहे. तीच नोंद दोनदा लागू झाली तरी बिघाड होऊ नये म्हणून तसे केलेले आहे. पण ती नोंद होते केव्हा? कोणाचा बदल आधी आणि कोणाचा नंतर, हे प्राथमिक सर्व्हरने ठरवल्यावर. निकाल लागल्यानंतर लिहिलेला निकाल आणि सुनावणीआधीच लिहून आणलेला निकाल एकच कसे?

आता काउचडीबी. या साक्षीदाराला बोलावणारे त्याची साक्ष पुरी ऐकत नाहीत. डेमियन कॅट्झ यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या या डेटाबेसात अख्खे डॉक्युमेंट पाठवावे लागते हे खरे. पण सोबत चालू आवृत्तीची खूण नसेल तर तो ४०९ हे उत्तर देऊन लिखाण नाकारतो. म्हणजे तोही आंधळेपणाने ठेवू देत नाही. आपल्याकडच्या ‘वाचा, बदला, ठेवा’वाल्यांपैकी कितीजण खूण सोबत पाठवतात? आणि पाठवली तरी आमच्या ग्रंथालयात काय होईल? आतल्या माणसाची कपाटाची नोंद नाकारली जाईल, जिचा कोणाशीच तंटा नव्हता. त्याने पुन्हा वाचावे, पुन्हा पाठवावे. कुंग आणि रॉबिन्सन यांनी १९८१ च्या निबंधात या आशावादी पद्धतीची मांडणी केली, तीच टकरी क्वचित होतील या गृहीतकावर. खिडकीपुढे रांग लागलेल्या पुस्तकाला ते गृहीतक लागू नाही.

२०१८ मध्ये, मोंगोडीबीच्या ४.० आवृत्तीत, अनेक डॉक्युमेंटांवरची ट्रान्झॅक्शनही आली, मग भांडण कसले, असेही विचारले जाते. ट्रान्झॅक्शनची मुदत मुळात साठ सेकंद. फॉर्म उघडून चहाला गेलेला माणूस साठ सेकंदांत परत येतो काय?

आता स्वपक्षालाही चिमटा काढणे भाग आहे. ‘फक्त बदललेली फील्ड पाठवली की झाले’ असे आमच्या बाजूचे पुष्कळ मानतात. नोडवाल्यांचे मोंगूस हे साधन ‘सेव्ह’ म्हटल्यावर आपणहून तेवढेच पाठवते. त्याने कपाटाचा घोटाळा टळतो. पण दोन खिडक्यांवर एकाच वेळी एकेक प्रत दिली तर? दोघांनी ८ वाचले, दोघांनी ७ काढले, दोघांनी ‘सेट’ने ७ पाठवले. दोन प्रती गेल्या, एकच वजा झाली. फील्ड एकच, ऑपरेटर योग्य, उत्तर चूक. खरा भेद अख्ख्या-अर्ध्याचा नाही. डेटाबेसला क्रिया सांगायची, की शिळ्या माहितीवरून काढलेला हिशेब त्याच्या हाती द्यायचा, हा आहे. आणि हिशेब गुंतागुंतीचा असला तर तो प्रोग्रॅममध्येच करावा लागतो, ही सबबही ४.२ पासून उरलेली नाही. डॉक्युमेंटातल्या चालू किमतींवरून नवी किंमत काढण्याची पाइपलाइन थेट अपडेटच्या आज्ञेत देता येते.

‘कागद उचला आणि दुरुस्त करा’ या उपमेबद्दल एवढेच, की कागदावर ज्यांचे आयुष्य गेले तेही असे करत नाहीत. तलाठी सातबारा घरी नेऊन, नवा लिहून आणत नाही. बदल आधी गाव नमुना ६ मध्ये, फेरफार म्हणून नोंदतो. तो प्रमाणित झाल्यावर सातबाऱ्यावर येतो. आधी फेरफार, मग उतारा.

अख्खे डॉक्युमेंट बदलून टाकणे कधी उचित असते? लिहिणारा एकच असेल तेव्हा, किंवा जुन्याचा नव्याशी संबंधच नसेल तेव्हा; हवामानकेंद्राने दर दहा मिनिटांनी आपली ताजी स्थिती पुरी पाठवावी, तसे. तो अपवाद आहे. त्यालाच नियम करून बसलेल्यांनी एक घडलेली गोष्ट आठवावी. मोंगोडीबीच्या शेलमध्ये पूर्वी ‘अपडेट’ ही एकच आज्ञा होती. ऑपरेटर दिला तर ती बदल करी. द्यायला विसरलात तर मुकाट्याने अख्खे डॉक्युमेंट बदलून टाकी आणि जुन्यातला फक्त आयडी शाबूत ठेवी. २०१५ च्या ३.२ आवृत्तीत कर्त्यांनी या दोन अर्थांची फारकत केली. बदलून टाकायला ‘रिप्लेसवन’, बदलायला ‘अपडेटवन’. आज ‘अपडेटवन’ला ऑपरेटरविना नुसते डॉक्युमेंट दिले, तर ते काहीही लिहीत नाही. एरर देते.