बाळंतशोपांचं कूळ

बहिणीच्या बाळंतपणात आई लोखंडी तव्यावर मंद आचेवर बाळंतशोपा भाजत होती, तेव्हा मी त्या पहिल्यांदा नीट पाहिल्या. बडीशेपेसारख्या हिरव्या, फुगीर नव्हेत. तपकिरी, चपट्या, कडेला फिकट पातळ किनार. तवा तापला तसा शहाजिऱ्याच्या जवळ जाणारा उग्र वास माजघरापर्यंत पोचला. मग ओवा, तीळ, सुक्या खोबऱ्याचा कीस आणि चिमूटभर शेंदेलोण घालून डबा बाळंतिणीच्या उशाशी गेला.

या बिया आपल्या शेपूच्याच. शेपूची जुडी निवडणाऱ्या कितीतरी जणांना हे माहीत नसतं, याचं मला नेहमी वाईट वाटतं. संस्कृतात ही शतपुष्पा. छत्रीसारख्या तुऱ्यावर बारीक पिवळ्या फुलांची दाटी असते म्हणून. हे नाव झिजत झिजत मराठीत ‘शेप’ उरलं. पाला तो शेपू, दुसऱ्याच झाडाचं थोराड बी ती बडीशेप, आणि शेपूचं बी मात्र खाणारीच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. बाळंतशेपा म्हणा, बाळंतशोपा म्हणा, पुढे बाळंतीण आहेच.

हे नातं जुनं आहे. बालक आणि सूतिका यांच्यासाठीच्या काश्यपसंहितेत शतपुष्पा आणि शतावरी या दोघींचा मिळून एक अध्याय आहे. तिकडे इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने १८५१ मध्ये ग्राइप वॉटर काढलं, त्यातही याच कुळातल्या बियांचं तेल होतं. आपल्याकडे ओवा-शोपांची धुरीही असे. ती आता बहुतेक घरांतून गेली आणि ते बरंच झालं; तान्ह्या बाळाला धूर नकोच.

नावाने या बिया जपल्या, पण बाळंतिणीच्या खोलीबाहेर फारशा पडू दिल्या नाहीत. गुजरातेत याच बिया ‘सुवा’ म्हणून मुखवासात सगळ्यांसाठी असतात, पूर्व युरोपात त्यांच्याशिवाय काकडीचं लोणचं मुरत नाही. आपल्याकडे वाण्याकडे मागितल्या की तो आधी विचारतो, “कुणाकडे पाळणा हलला?”

मी त्या बटाट्याच्या काचऱ्यांना घालते. जिऱ्याऐवजी अर्धा चमचा, वर हिंग-हळद. तेल मात्र फार तापू द्यायचं नाही. शोपा करपल्या की काचऱ्या कडू होतात.