लंडन बघायला नाही, भांडायला

लंडनचे रील्स आपण गोंदियात बसून रोज बघतो. रंगो बापूजी गुप्ते मात्र तिथं फिरायला गेले नव्हते. १८३९ मध्ये कंपनीनं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं. त्याची दाद मागायला हा वकील लंडनला पोचला, तेही सुएझ कालवा नसताना! लीडनहॉल स्ट्रीटवर कंपनीची खांबांची भव्य इमारत होती (आज तिथं लॉइड्सची स्टीलची बिल्डिंग आहे). तिथं भागधारकांच्या सभेत ते बोलले. म्हणजे राज्याचा न्याय मागायचा कोणाकडे, तर शेअरहोल्डरकडे. १८४७ मध्ये महाराज काशीला वारले, १८४८ मध्ये सातारा खालसा झालं. तरी रंगो बापूजी १८५३ पर्यंत लंडनमध्येच झगडत होते. सत्तावन्नच्या उठावात त्यांच्या मुलाला साताऱ्यात फाशी झाली. ते स्वतः इंग्रजांना कधीच सापडले नाहीत.